तुरीनचे वस्त्र आणि अणूंची मोजणी



गेल्या रविवारी मिस्साबलिदानानंतर एका आजीबाईंनी विचारले, “फादर, आमच्या घरी तुरीनच्या पवित्र वस्त्राची तसबीर आहे. शास्त्रज्ञांनी ते खोटे ठरविले म्हणतात, खरे काय?” प्रश्न रास्त आहे. परंतु काळ मोजला कसा, हे आधी पाहिले पाहिजे.

अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणातील नत्रापासून कार्बन-१४ नामक किरणोत्सर्गी कार्बन निर्माण होतो. तो फारच विरळा. सुमारे एक लाख कोटी कार्बन-अणूंमागे एखादा. ज्या जवसाच्या धाग्यांचे हे वस्त्र विणले आहे, ते रोप जिवंत असेतोवर हवेतून तो घेत राहते. कापणीनंतर घेणे थांबते व साठा ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला मोजला की कापणीचा काळ कळतो.

विलर्ड लिबी या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या जुन्या पद्धतीत अणू फुटण्याची वाट पाहावी लागे. एक ग्रॅम ताज्या कार्बनात असे सुमारे सहा हजार कोटी अणू, पण मिनिटाला फुटतात जेमतेम चौदा! त्यासाठी हातरुमालाएवढा तुकडा लागला असता. तो कोण देणार? १९७७ च्या सुमारास निराळी युक्ती निघाली : कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून अणू धाडून ते एकेक मोजावयाचे. नत्राचा अणू वजनाने जवळजवळ कार्बन-१४ एवढाच असतो. परंतु ऋण विद्युत्भार दिला असता तो टिकत नाही, कार्बन टिकतो. तोतया असा दारातच गळतो. पुढे लोहचुंबक हलक्या-भारी अणूंच्या वाटा वेगळ्या करतो.

२१ एप्रिल १९८८ रोजी वस्त्राच्या कडेची चिंचोळी पट्टी कापली गेली. ॲरिझोना, ऑक्सफर्ड व झुरिक येथील प्रयोगशाळांना प्रत्येकी सुमारे ५० मिलिग्रॅम तुकडा मिळाला. उत्तर आले : इ. स. १२६० ते १३९०. ते १३ ऑक्टोबर रोजी तुरीनचे आर्चबिशप कार्डिनल बालेस्त्रेरो यांनी स्वतः जाहीर केले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

कडेचा तुकडा ठिगळाचा असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली तुरीन येथे सांगितले की, हा श्रद्धेचा विषय नव्हे. शोध शास्त्रज्ञांनी चालू ठेवावा. माझ्यापुरते बोलावयाचे तर मोजणी प्रामाणिक होती, मला ती खोडता येत नाही. प्रतिमा उमटली कशी, हे मात्र ती सांगत नाही.

आजीबाईंनी सर्व ऐकून घेतले. मग हळूच विचारले, “ते तुकडे परत शिवले का हो?”

नाही, आजी. मोजावयाचा भाग जाळावाच लागतो.