कुलूप दुरुस्त, किल्ली तीच?

खासबागेतील कितीतरी मराठी घरांतून आज मुले-मुली पुण्या-बेंगळूरच्या कंपन्यांचे काम घरी बसून करतात. "व्हीपीएन लावलंय, काळजी नको," असे ती सांगतात आणि आपण मान डोलावतो. पतसंस्थेची शाखा मुख्य कार्यालयाशी जोडायची, तरी हाच मार्ग. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या हमरस्त्याखालून काढलेला खासगी बोगदा. पण त्याचे कुलूप बहुधा बोगदा खणणाऱ्याने घडवलेले नसते, तयार आणून बसवलेले असते. ओपनएसएसएल हे असेच जगभर वापरले जाणारे कुलूप.

७ एप्रिल २०१४ रोजी त्यातील 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. जोडणी चालू आहे का, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला चार अक्षरे पाठवून तीच परत मागतो. चार पाठवून हजारो मागितली, तरी समोरचा मोजून पाहत नसे. आपल्या मेमरीतले हाती लागेल ते, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, देऊन मोकळा! त्यात पासवर्ड जाऊ शकत, खुद्द कुलपाची गुप्त किल्लीही. सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत याचा मागमूस राहत नसे. मार्च २०१२ पासून हे भोक उघडे होते.

मग व्हीपीएनचे काय? ओपनव्हीपीएन ओपनएसएसएलवरच उभे असल्याने सापडले. आयपीसेक पद्धतीच्या जोडण्यांना हा दोष लागू नव्हता. दोष जाहीर होताच एका संस्थेच्या व्हीपीएनमधून चोरांनी चालू जोडण्यांच्या खुणा उचलल्या आणि दुहेरी पडताळणीला बगल देऊन ते आत शिरले, असे मॅन्डियंट या सुरक्षा कंपनीने त्याच महिन्यात सांगितले.

नवी आवृत्ती टाकली की काम संपले, असे मानणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. किल्ली आधीच गेली असेल तर? दुरुस्तीनंतर किल्ल्या नव्या करायच्या, जुनी प्रमाणपत्रे रद्द करायची आणि मगच पासवर्ड बदलायचे. पासवर्ड आधी बदलला, तर नवाही त्याच भोकातून जाणार.

आवृत्ती ठाऊक असणेही तितकेच महत्त्वाचे. १ नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएसएसएलमधील आणखी दोन दोष जाहीर झाले. ते ३.०.० ते ३.०.६ या आवृत्त्यांत होते, जुन्या १.१.१ मध्ये नव्हते. तेव्हा सभासदहो, पुढच्या वार्षिक सभेत आपल्या संचालकांना लेखी विचारा: आपल्या व्हीपीएनमध्ये कोणते कुलूप आहे, कोणत्या आवृत्तीचे, आणि किल्ल्या शेवटच्या कधी बदलल्या? "ते कॉम्प्युटरवाला बघतो" हे उत्तर आम्ही तरी इतिवृत्तात लिहू देणार नाही.