मुख्याध्यापकपदाला परवाना का नसावा?

शाळेच्या बसचा चालक परवान्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू शकत नाही. त्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकाला आधी अध्यापनाची पदविका मिळवावी लागते आणि नंतर शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. परंतु ज्याच्या स्वाक्षरीने शाळेचे वेतनदेयक निघते, शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिले जातात आणि शेकडो मुलांच्या सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारी स्वीकारली जाते, त्या मुख्याध्यापकाकडून या पदासाठी लागणारे असे कोणतेही स्वतंत्र शिक्षण मागितले जात नाही. तो उत्तम शिक्षक असेल आणि नोकरीत सर्वांत जुना असेल, तर उत्तम प्रशासकही असणारच, असे गृहीत धरून ही व्यवस्था चालू आहे. या गृहीताची तपासणी करण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने हा प्रश्न अधिक ठळक झाला. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या आणि निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, आणि ज्यांना पाच वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांनाही पदोन्नती हवी असल्यास ही परीक्षा दिल्यावाचून गत्यंतर नाही, असा त्याचा आशय आहे. या निकालाने शिक्षकवर्गात अस्वस्थता पसरली, हे स्वाभाविकच होते. परंतु त्या चर्चेत एक गोष्ट नजरेआड राहिली. बालमानसशास्त्र, भाषा, गणित अशा विषयांवरची ही परीक्षा वर्गात शिकवण्याची पात्रता पाहते. मुख्याध्यापक होऊ पाहणारा शिक्षक ती उत्तीर्ण झाला, तरी शाळा चालवण्याची त्याची तयारी आहे की नाही, हे तिच्यातून कळत नाही. वर्गाचे दार ओलांडून मुख्याध्यापकाच्या दालनात शिरताना जे ज्ञान लागते, त्याची विचारणा आजही कोणी करीत नाही.

ज्येष्ठतेचा नियम कशासाठी

महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील नेमणुका १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाने आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीने बांधलेल्या आहेत. माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक पदवीधर व प्रशिक्षित असावा, पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव त्याच्याकडे असावा आणि त्यांपैकी दोन वर्षे तरी बी. एड. झाल्यानंतरची असावीत, एवढीच अर्हता नियमावली सांगते. या अटी पूर्ण करणाऱ्या आणि समाधानकारक सेवा केलेल्या शिक्षकांपैकी जो सर्वांत ज्येष्ठ, त्याला हे पद मिळते.

हा नियम अविचाराने झालेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. कायदा येण्यापूर्वी अनेक संस्थांत मुख्याध्यापकपद हे संस्थाचालकांच्या मर्जीचे दान होते. अध्यक्षांचा भाचा, सचिवांचा विश्वासू, निवडणुकीत उपयोगी पडणारा कार्यकर्ता यांना वरची जागा मिळावी आणि वीस वर्षे खडू झिजवलेल्या शिक्षकाने त्यांच्या हाताखाली मान खाली घालून काम करावे, असे प्रसंग दुर्मीळ नव्हते. ज्येष्ठतेच्या नियमाने या मर्जीला लगाम घातला. शिक्षकाला मिळालेले हे संरक्षण काढून घेण्याची भाषा जो करील, त्याने संस्थांच्या कारभाराचा हा इतिहास आठवावा.

परंतु अन्याय टाळणे ही एक गोष्ट आणि योग्य व्यक्ती तयार करणे ही दुसरी. ज्येष्ठतेने पहिले साधले, दुसऱ्याचा विचार केलाच नाही. परिणामी अनेक वर्षांपूर्वी इतिहास किंवा विज्ञान शिकवायला आलेला शिक्षक वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी अचानक कार्यालयाचा प्रमुख होतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. कारभार उमजू लागतो न लागतो तोच निरोपसमारंभाचा हार गळ्यात पडतो. मग दुसरा ज्येष्ठ येतो आणि तोही पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

स्वाक्षरी एकाची, जाण दुसऱ्याची

मुख्याध्यापकाच्या टेबलावर आज काय काय येते, हे शाळेच्या कार्यालयात एक दिवस बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शालार्थ प्रणालीवरील वेतनदेयके, यू-डायसची माहिती, संचमान्यता, बिंदुनामावली, सेवापुस्तके, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, वेतनेतर अनुदानाचे लेखापरीक्षण, माहितीच्या अधिकाराखालील अर्ज, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका, अशी ही यादी वर्षागणिक लांबत आहे. यांतील एकाही विषयाचा परिचय बी. एड.च्या अभ्यासक्रमात कामापुरता होत नाही. त्यामुळे नवा मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी वरिष्ठ लिपिकाच्या आधाराला जातो. तो सांगेल तेथे स्वाक्षरी करतो. लिपिक जाणकार आणि प्रामाणिक असेल, तर शाळा तरून जाते, आणि अशा लिपिकांनीच अनेक शाळा आजवर तारल्या आहेत. पण पगार लिपिकाचा आणि भार मुख्याध्यापकाचा, ही वाटणी त्या लिपिकावरही अन्याय करणारी आहे. हिशोबात चूक निघाली की जबाबदारीचे बोट मात्र स्वाक्षरी करणाऱ्याकडे वळते. ज्याला चूक कळलीच नव्हती, तो ती मान्य तरी कशी करणार आणि सुधारणार तरी कशी?

कागदपत्रे बाजूला ठेवली, तरी प्रश्न संपत नाही. किंबहुना तो तेथे अधिक गंभीर होतो. मुख्याध्यापक पाठनिरीक्षण करतो. दुसऱ्या शिक्षकाचा तास पाहून त्याला उपयोगी पडेल असे चार शब्द सांगणे ही एक कला आहे आणि ती शिकावी लागते. ती न शिकल्यामुळे निरीक्षणवहीत ‘पाठ समाधानकारक’ एवढाच शेरा वर्षानुवर्षे पडत राहतो. गोपनीय अहवालावर शिक्षकाची बढती अवलंबून असते; तो कसा लिहावा, कोणत्या पुराव्यावर लिहावा, हे मुख्याध्यापकाला कोणी शिकवलेले नसते. कर्मचाऱ्याविरुद्धच्या तक्रारीची प्राथमिक नोंद चुकीची झाली, तर पुढची सारी चौकशी शाळा न्यायाधिकरणात कोसळू शकते. मग दोषी सुटतो किंवा निर्दोष माणूस वर्षानुवर्षे टांगणीला लागतो.

सर्वांत नाजूक बाब मुलांच्या सुरक्षिततेची आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हाताखालील व्यक्तीने केलेला असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची घटना उघडकीस आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने संताप व्यक्त केला. त्यानंतर कॅमेरे बसवण्याचे आणि समित्या नेमण्याचे आदेश निघाले. परंतु एखादी आई दालनात येऊन रडत काही सांगू लागली, तर पहिल्या तासाभरात काय करावे, कोणाला कळवावे, मुलीला काय विचारू नये आणि संस्थेच्या अब्रूच्या नावाखाली येणारा दबाव कसा झुगारावा, याचा सराव राज्यातील प्रत्येक मुख्याध्यापकाकडून करवून घेतला गेला आहे काय? कॅमेरा घडलेले दाखवील. पुढे काय करायचे, हे खुर्चीवरच्या माणसालाच ठरवावे लागेल.

परदेशातील अनुभव

परवान्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत शाळेचा प्राचार्य होण्यासाठी अध्यापनाच्या अनुभवाबरोबर पदव्युत्तर शिक्षण आणि राज्याचा परवाना लागतो. परंतु तेथील अनुभव आंधळेपणाने अनुकरण करण्याजोगा नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे तत्कालीन प्रमुख आर्थर लेव्हिन यांनी २००५ मध्ये या अभ्यासक्रमांची परखड झाडाझडती घेतली. प्रवेशाच्या अटी सैल, अभ्यासक्रम शाळेतील वास्तवापासून दूर आणि विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे लक्ष पदवीमुळे मिळणाऱ्या वेतनवाढीकडे, असे त्यांचे निष्कर्ष होते. विद्यापीठांना शुल्क हवे आणि शिक्षकांना कागद हवा, असा व्यवहार जमला की परवान्याचे काय होते, हे त्यातून दिसते. बी. एड. महाविद्यालयांचे पीक पाहिलेल्या महाराष्ट्राला याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

इंग्लंडने १९९७ मध्ये मुख्याध्यापकपदासाठी राष्ट्रीय अर्हता सुरू केली, २००९ मध्ये ती नव्या मुख्याध्यापकांना सक्तीची केली आणि २०१२ मध्ये सक्ती मागे घेतली. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र ऑगस्ट २०२० पासून नव्या मुख्याध्यापकांना अशी अर्हता बंधनकारक केली. सिंगापूरमध्ये २००१ पासून निवडक उपप्राचार्यांना सहा महिने पूर्णवेळ प्रशिक्षण देण्याची व्यवस्था झाली. सक्ती असावी की नसावी, याबाबत या देशांत मतभेद झाले. पण शाळाप्रमुखाची तयारी खुर्चीवर बसण्याआधी झाली पाहिजे, हा विचार सर्वत्र सारखाच दिसतो.

भारतातही हा विचार झालेला नाही असे नाही. ज्याचे सदस्य-सचिव महाराष्ट्राचे जे. पी. नाईक होते, त्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शैक्षणिक प्रशासनाचा स्वतंत्रपणे विचार केला. दिल्लीत १९६२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने सुरू झालेल्या प्रशिक्षण केंद्रातूनच पुढे, १९७९ मध्ये, राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था आकाराला आली. तेथे २०१२ मध्ये शाळा-नेतृत्वाचे स्वतंत्र केंद्रही निघाले. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापनाची पदविका अनेक शिक्षकांनी हौसेने मिळवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सुचवले. अभ्यासक्रम आहेत, संस्था आहेत, धोरणही आहे. या साऱ्याचा नेमणुकीशी असलेला संबंध मात्र कोठेच नाही. ज्याने पदविका मिळवली आणि ज्याने मिळवली नाही, ते दोघे ज्येष्ठतेच्या यादीत सारखेच.

परवाना कसा असावा

तेव्हा ज्येष्ठतेचा नियम कायम ठेवून त्याला एका पायरीची जोड द्यावी, हा मार्ग व्यवहार्य ठरेल. परवानाधारक शिक्षकांपैकी जो सर्वांत ज्येष्ठ, तो मुख्याध्यापक, असा नियम झाला तर संस्थाचालकाच्या मर्जीला वाव राहणार नाही आणि तयारीची अटही पाळली जाईल. मात्र त्यासाठी काही पथ्ये कटाक्षाने सांभाळावी लागतील.

पहिले पथ्य असे, की दहा वर्षे सेवा झालेल्या कोणत्याही शिक्षकाला संस्थेच्या शिफारशीवाचून या अभ्यासक्रमाला बसता आले पाहिजे. शिफारशीची अट घातली की मर्जी मागच्या दाराने परत येईल. दुसरे, त्याचा खर्च शासनाने करावा आणि प्रशिक्षणाचा काळ कर्तव्यकाळ मानावा. घर चालवून, बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासून थकलेल्या शिक्षिकेने स्वतःच्या पैशाने आणि सुटीच्या दिवशी ही पात्रता मिळवावी, असे म्हणणे म्हणजे स्त्रियांना या पदापासून दूर ठेवण्याचा नवा उपाय शोधणे होय. तिसरे, अभ्यासक्रमाचा निम्मा भाग तरी प्रत्यक्ष शाळेत, अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली आणि स्वतःच्या संस्थेबाहेर झाला पाहिजे. देयक कसे तयार होते, रागावलेल्या पालकाशी कसे बोलावे, तास पाहून काय सांगावे, हे खोलीत बसून व्याख्याने ऐकल्याने येत नाही. चौथे, शिकवणारे विद्यापीठ आणि परवाना देणारे मंडळ ही दोन वेगळी असावीत. जो शुल्क घेतो त्यानेच उत्तीर्ण करावे, ही रीत चालू राहिली तर अमेरिकेतील दोष येथे दुपटीने उमटतील.

पाचवे पथ्य न्यायाचे आहे. ही अट पुढील नेमणुकांनाच लागू व्हावी. आज पदावर असलेल्यांना आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांना तिने छळू नये. पात्रता परीक्षेच्या प्रश्नात उतारवयातील शिक्षकांची जी ओढाताण झाली, तिची पुनरावृत्ती टाळता येण्याजोगी आहे. अल्पसंख्याक संस्थांना आपला मुख्याध्यापक निवडण्याचे घटनेने दिलेले स्वातंत्र्य आहे. तेही अबाधित राहावे. निवड त्यांची, पण किमान अर्हता सर्वांना समान, असे म्हणण्यास त्यामुळे बाध येत नाही.

कागदाने माणूस मोठा होत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे. महाराष्ट्रातील कितीतरी थोर मुख्याध्यापकांनी व्यवस्थापनाचे एकही पुस्तक न वाचता शाळा उभ्या केल्या आणि गावे घडवली. पण थोर व्यक्ती हा अपवाद असतो, आणि व्यवस्था अपवादांच्या भरवशावर चालवता येत नाही. बी. एड. झालेला प्रत्येक जण उत्तम शिक्षक नसतो, म्हणून अप्रशिक्षितांच्या हाती वर्ग सोपवावेत, असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लिपिक आणि शिपाई यांच्या जागा रिकाम्या, वेतनेतर अनुदान अपुरे, आणि रोज नव्या माहितीची मागणी, अशा स्थितीत परवानाधारक मुख्याध्यापक तरी काय करणार? हा प्रश्न शासनाला विचारलाच पाहिजे. परवाना ही शासनाने आपली जबाबदारी मुख्याध्यापकाच्या खांद्यावर ढकलण्याची सबब होता कामा नये. मात्र आपले अधिकार आणि कायदा नेमकेपणाने जाणणारा मुख्याध्यापकच ही मागणी ठामपणे मांडू शकतो, हेही तितकेच खरे.

शाळेचा दर्जा तिच्या मुख्याध्यापकावर ठरतो, असे शिक्षकदिनाच्या भाषणांत दरवर्षी ऐकू येते. ते खरे मानायचे असेल, तर त्या पदाची तयारी नेमणुकीच्या आदेशानंतर आणि लिपिकाच्या शिकवणीने व्हावी, हे चालू देता येणार नाही. नियमावलीला ४० वर्षे उलटून गेली आहेत. तिच्यातील अर्हतेच्या कलमात एक ओळ वाढवणे हे काही अवघड काम नाही. ती ओळ वाढवण्यापूर्वी दर जिल्ह्यात शिकवण्याची सोय उभी करणे हे खरे काम आहे, आणि शासनाने आरंभ तेथूनच केला पाहिजे.