सलाईन धरणारे हात

रमजानमध्ये मगरिबच्या अजानआधीची दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावर सर्वाधिक घाईची असतात. फळांच्या गाड्यांभोवती गर्दी, इफ्तारसाठी घर गाठण्याची लगबग. अशा वेळी सायरन वाजवत रुग्णवाहिका आली, तर तिला वाट मिळते का? हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या बाजारात प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे.

निवृत्त रुग्णवाहिका चालकांच्या आठवणी ऐकल्या की तो अधिकच टोचतो. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी हा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि गंभीर रुग्णाला परभणी नाहीतर नांदेड गाठावं लागे. जुनी मेटाडोर किंवा जीप, आत एक स्ट्रेचर आणि बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हर. खेड्यातला रुग्ण बाजेवर किंवा बैलगाडीत डांबरी रस्त्यापर्यंत यायचा. त्याला उचलायला चहाच्या टपरीवरची माणसं धावायची. सलाईनची बाटली नातेवाईक वर धरून बसायचा. त्याचा हात भरून आला की दुसरा कुणी धरायचा. जात-धर्म विचारायला कुणाला सवड नसे.

१९८७ साली रमजान मे महिन्यात आला होता. मराठवाड्याच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली रोजा ठेवून गाडी चालवणारे चालक होते. आजारी माणसाला आणि प्रवाशाला इस्लामने रोजातून सवलत दिली आहे. सुटलेला रोजा नंतर ठेवायचा, त्याला कजा म्हणतात. बाळंतिणीला नांदेडला नेताना एका चालकाच्या डोळ्यांपुढे भर दुपारी अंधारी आली. त्याने गाडी कडेला घेतली, पाणी प्यायला आणि पुन्हा निघाला. रोजा ईदनंतर ठेवता येतो, बाळंतिणीची वेळ पुढे ढकलता येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. धर्म कळलेला माणूस याहून वेगळं काय सांगणार?

२०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ गाड्यांसह सुरू झाली. त्यात डॉक्टर असतो, सलाईन हुकाला अडकवलेली असते. हे चांगलंच झालं. मात्र सोय आली आणि आपले हात मागे गेले. अपघात झाला की उचलणारे थोडे आणि मोबाईलवर चित्रण करणारेच जास्त. ‘पोलिसांचं लचांड नको’ ही भीतीही आता निराधार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. याच दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद झाली.

पण वाट द्यायला दंडाचा धाक कशाला हवा? रस्त्यातला काटा किंवा दगड बाजूला करणं हाही सदका, म्हणजे दानच, अशी प्रेषितांची शिकवण आहे. मग आडवी लावलेली आपलीच मोटारसायकल बाजूला घेणं हे दान नव्हे काय? तरावीहच्या नमाजवेळी मशिदीसमोर दोन तरुण वाट मोकळी ठेवायला उभे राहिले, गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीतही तसेच उभे राहिले, तर त्याला कसलाही निधी लागणार नाही.

गाडीत कोण आहे, हे तेव्हा सलाईन धरणाऱ्याने विचारलं नव्हतं. आज वाट देणाऱ्यानेही विचारू नये.