नक्कल म्हणून हिणवू नका



तरुण संघातली काही मुले-मुली सध्या रेम्ब्रांटच्या ‘ख्रिस्ताचा चेहरा’ या चित्राची तैलरंगात प्रत काढत आहेत. लेंटमध्ये या प्रती पॅरिश हॉलमध्ये लावाव्यात असा विचार आहे. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना ते पसंत नाही. दुसऱ्याचे चित्र उतरवणे ही कला कसली, आणि परदेशी चेहऱ्याचा प्रभू आपल्या भिंतीवर कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला वाटते, चित्रे जरूर लावावीत.

प्रत काढणे हा तैलचित्र शिकण्याचा जुनाच मार्ग आहे. रुबेन्स नावाजलेला चित्रकार झाला, पन्नाशी उलटली, तरी १६२८-२९ मध्ये माद्रिदच्या राजवाड्यात बसून तो तिशियनची चित्रे उतरवत होता. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवाना घेऊन प्रत काढता येते. अट एवढीच की प्रत मूळ चित्राच्या मापाची नसावी आणि मूळ चित्रकाराची सही उतरवू नये. आपल्या मुलांनीही कॅनव्हासच्या मागे ‘रेम्ब्रांटवरून’ असे लिहून खाली स्वतःचे नाव घातले आहे. यात चोरी कुठे आली?

आणि हे काम सोपे नाही हो! आधी कॅनव्हासवर तपकिरी रंगाचा पातळ हात, त्यावर बर्न्ट अंबरने नुसता उजेड आणि सावली, तो थर वाळल्यावर त्वचेचे रंग. खालच्या थरात जवसाचे तेल कमी, वरच्या थरात जास्त. उलटे झाले तर पुढे रंगाला भेगा पडतात. अंबर लवकर वाळतो, काळा मात्र दिवसचे दिवस ताटकळत ठेवतो. मुलांना पापणीचा केस न् केस काढायचा असतो, पण रेम्ब्रांटने डोळ्यांचा कोपरा सावलीत सोडून दिलेला. तिथे ब्रश आवरायला शिकण्यातच दोन रविवार गेले. प्रभूच्या चेहऱ्याकडे इतका वेळ आपल्यापैकी कोण पाहत बसतो? मोबाइलवर तर बोट लगेच पुढे सरकते.

परदेशी चेहऱ्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण या चित्राची हकिगत ऐका. मूळ चित्रे जेमतेम वीतभर उंचीची, लाकडी फळीवरची. असे अनेक चेहरे आहेत आणि त्यांतले कोणते गुरूच्या हातचे, कोणते शिष्यांच्या, यावर जाणकारांत अजून वाद आहे. १६५६ साली रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले तेव्हा घरातल्या सामानाची यादी झाली. तीत जिवंत माणसावरून काढलेल्या ख्रिस्ताच्या एका चेहऱ्याची नोंद आहे. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये त्याच्या घराभोवती यहुदी वस्ती होती आणि तिथलाच एक तरुण समोर बसला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. प्रभू यहुदी कुळात जन्मला हे सगळ्यांना ठाऊक होते, पण चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला चेहराच गिरवत आले होते. रेम्ब्रांटने शेजाऱ्याकडे पाहिले.

म्हणून आमचीही एक अट आहे. मुलांनी प्रतीपाशी थांबू नये. गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडीत रंगवले तेव्हा त्यांनाही आपल्याच लोकांची टीका सोसावी लागली होती. तसे धाडस करायचे तर आधी हात आणि नजर तयार हवी, आणि ती तयारी या वीतभर चित्रासमोर होते आहे.

ईस्टरनंतर मुलांनी मंडळीतल्याच कुणाला तरी समोर बसवून रंगवावे. आमच्या मनात घंटा वाजवणारे काका आहेत. तासभर न हलता बसायला ते तयार आहेत, फक्त मध्ये एकदा चहा हवा म्हणतात.