मत दिले, संमती विचारली का?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी पालघरला आले आणि सिडकोच्या मैदानावर वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा चारच दिवसांपूर्वी कोसळला होता. त्याबद्दलची माफी त्यांनी याच व्यासपीठावरून मागितली आणि देशाने त्या दिवशी पालघर पाहिले ते या माफीसाठी. किनाऱ्यावरच्या गावांत त्याच दिवशी काळ्या झेंड्यांनी निषेध चालला होता, तो फारसा कुणाच्या नजरेत भरला नाही.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. डहाणूत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले तेवढे टिकले. त्याआधी जूनमध्ये भाजपचे डॉ. हेमंत सवरा पावणेदोन लाखांहून अधिक मताधिक्याने लोकसभेवर गेले होते. बंदराला विरोध करणारा जिल्हा बंदर आणणाऱ्यांनाच मते देतो, हे कोडे आमच्याकडे चहाच्या टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळीकडे चघळले गेले. सरकारचे समर्थक म्हणतात, मतपेटीने निकाल दिला, विषय संपला. विरोधक म्हणतात, लोकांना पैशाने आणि धर्माने भुलवले. बोईसरमध्ये राहून रोज दोन्ही बाजू ऐकणाऱ्या मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, आणि दुसरे तर मतदाराचा अपमान करणारे.

हा कौल का मिळाला, ते आधी प्रामाणिकपणे पाहू. दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी कातकरी आणि वारली कुटुंबे वीटभट्टीवर जातात. भट्टीवाल्याकडून आधीच उचल घेतलेली असते. सहा-सात महिने राबून ती फेडायची आणि पावसाळ्यात पुन्हा हात पसरायचा. अशा घरातल्या बाईच्या स्वतःच्या खात्यावर ऑगस्ट २०२४ पासून राज्य सरकारच्या योजनेतून दरमहा १,५०० रुपये येऊ लागले. मध्ये ना मुकादम, ना सरपंच, ना नवरा. शहरातल्या सुखवस्तू माणसाने याला रेवडी म्हणावे आणि त्याच तोंडाने आयकरातली सूट मागावी, हे मला पटत नाही. या पैशाने आजारी पोराला घेऊन रिक्षाने दवाखाना गाठता येतो, उचल थोडी कमी घ्यावी लागते. ज्याने हे दिले त्याला मत देणारी बाई भोळी नाही.

पण त्याच योजनेची दुसरी बाजूही याच बाईच्या वाट्याला आली. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. लाभार्थीच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी मागितला जाऊ लागला. गावच्या सेतू केंद्रात बायका सकाळपासून रांगेत. नेटवर्क आले तर साइट बंद, साइट चालू झाली तर ओटीपी येईना. वडील आणि नवरा दोघेही हयात नसलेल्या बाईने कुणाचा अंगठा आणायचा, याचे उत्तर टेबलामागच्या पोराकडे नव्हते. मुदत पुढे वाढवली, सवलतही मिळाली; पण निवडणुकीआधी अर्ज धडाधड मंजूर करायचे आणि निवडणूक झाल्यावर चाळणी लावायची, हा क्रम कुणाच्या लक्षात आला नाही असे नाही. याहून गंभीर बाब अशी, की २०२५ मध्ये या योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटींहून अधिक रुपये वळवले गेले. सामाजिक न्याय विभागाचाही निधी वळवला, तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी दाखवली. जव्हार-मोखाड्यात आश्रमशाळेतल्या मुलींच्या वाट्याचे पैसे त्यांच्या आयांच्या खात्यावर टाकणे हे घरातल्या एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरण्यासारखे आहे. घरात एका पैशाची भर पडत नाही.

आता संस्कृतीचे राजकारण. त्याबद्दल बोलताना मुंबई-पुण्यातले लिहिणारे चटकन नाक मुरडतात. आमच्या जिल्ह्यातला इतिहास इतका सोपा नाही. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले, आणि तलासरी-डहाणूत लाल बावट्याचे मूळ खोल गेले ते तेव्हापासून. त्याच तलासरीत पुढे संघविचाराच्या कार्यकर्त्यांनी वनवासी मुलांसाठी वसतिगृह काढले, वर्षानुवर्षे चालवले. चिंतामण वनगांसारखा साधा, अभ्यासू खासदार या परंपरेतून आला. या भागात मिशनच्या शाळा आणि दवाखानेही आहेत. ज्या पाड्यावर सरकार पोहोचले नव्हते तिथे ही माणसे पोहोचली होती, हे तिन्ही प्रवाहांबद्दल म्हटले पाहिजे. लोकांनी त्यांना दिलेला मान कमावलेला आहे.

त्या मानावर आज जे उभे केले जाते ते मात्र तपासून घ्यावे लागते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीत पोरे पळवणाऱ्यांच्या अफवा गावोगाव फिरत होत्या, रात्रपाळीने पहारे बसले होते. घडले ते भयंकर होते, त्याला क्षमा नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वाहिन्यांवर जे पालघर उभे राहिले ते आमच्यापैकी कुणाच्याही ओळखीचे नव्हते. त्या दुर्गम भागात अफवा थोपवणारी यंत्रणा का नव्हती, पोलीस चौकी आणि पाडे यांच्यात इतके अंतर का, हे प्रश्न धर्माच्या गदारोळात वाहून गेले.

संस्कृतीच्या राजकारणात भाषाही येते. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ चा. तो २९ जूनला मागे घेतला गेला, बरे झाले. घरी वारली बोलणाऱ्या पोराला शाळेतली मराठी हीच आधी दुसरी भाषा असते. बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कामगार कुटुंबे आहेत, त्यांच्याशी आमचे हिंदीत उत्तम चालते. सरकारने आदेश काढण्याची गरज कुणालाच भासली नव्हती.

जनसुरक्षा कायद्याकडे अधिक गंभीरपणे पाहायला हवे. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत हे विधेयक मंजूर होताना त्याला विरोध करणारे एकटे निकोले होते, आमच्या डहाणूचे. सरकारची बाजू अशी, की शहरी नक्षलवादाला आवर घालायचा तर वेगळा कायदा हवा, आणि संयुक्त समितीने मसुद्यातली भाषा मवाळ केली आहे. गडचिरोलीत जवान गमावलेल्या राज्याने हे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. पण पालघरमध्ये बंदुकीची परंपरा नाही, मोर्चाची आहे. वनपट्ट्यासाठी, रेशनसाठी, पाण्यासाठी पायी चालत जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचे आणि निवेदन देऊन परतायचे. ज्यांच्याकडे दुसरे साधन नाही त्यांचे हे साधन. उद्या कुणा अधिकाऱ्याने असे मोर्चे काढणाऱ्या एखाद्या संघटनेवर शिक्का मारायचे ठरवले तर तिला स्वतःला सिद्ध करत बसावे लागेल, ही भीती मला खोटी वाटत नाही.

इथून मी पुन्हा बंदराकडे येतो, कारण आमच्या रोजच्या जगण्याची आणि राज्याच्या राजकारणाची खरी गाठ तिथे पडते. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, समुद्रात भराव टाकून तयार होणारी सुमारे १,४४८ हेक्टर जमीन, वीस मीटर खोलीची नैसर्गिक सोय, जगातल्या मोठ्या कंटेनर बंदरांत गणना. केंद्राने १० लाख लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगाराची शक्यता सांगितली आहे. पहाटेची लोकल पकडून रात्री घरी येणाऱ्या पालघर-सफाळ्याच्या तरुणाला याचे आकर्षण वाटणारच. विरार-डहाणू मार्गावर उपनगरी गाडी १६ एप्रिल २०१३ ला सुरू झाली, पण फेऱ्या इतक्या तुरळक की एक गाडी चुकली की दिवस बिघडतो. घराजवळ नोकरी ही त्याच्यासाठी घोषणा नव्हे, झोप आहे, मुलांचा सहवास आहे. बंदराला पाठिंबा देणारे सगळे दलाल नव्हेत.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? डोलीची जाळी आणि बोंबलांच्या वलांडी, चिंचणी-वरोरपासून वाढवणपर्यंत घराघरांत चालणारे दागिन्यांच्या साच्यांचे डायमेकिंग, डहाणूच्या चिकूच्या वाड्या, गावकऱ्यांना पवित्र असलेले समुद्रातले शंखोदर. १९९१ मध्ये केंद्रानेच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले आणि १९९८ मध्ये त्याने हेच बंदर नाकारले. तेव्हा राज्यात युतीचे सरकार होते आणि बाळासाहेब ठाकरे स्थानिकांच्या बाजूने उभे राहिले होते. म्हणजे परंपरेचा अभिमान सांगणारे राजकारण किनाऱ्याचे ऐकूच शकत नाही, असे मुळीच नाही. एकदा त्याने ऐकले आहे. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत गेले. प्राधिकरण बदलले, आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. सप्टेंबरात सरकारने पापलेटला राज्यमासा घोषित केले, तेही सातपाटीच्या मच्छीमारांच्या मागणीवरून. पापलेटाची पिल्ले वाचावीत म्हणून झटणाऱ्या सातपाटीला तो सन्मान हवाच होता. पण माशाला मान देऊन त्याच्या वाढीच्या पाण्यात भराव टाकायचा, हे कसे जुळवायचे ते कुणी समजावून सांगितलेले नाही. पायाभरणीच्या दिवशी मच्छीमारीच्या सुमारे १,५६० कोटींच्या कामांची आणि होड्यांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची घोषणाही झाली. वादळात अडकलेल्या खलाशाला ट्रान्सपॉन्डरचा उपयोग होईल. मासेमारीची हद्द गेलेल्याला तो काय देणार?

लोकांचा संशय हट्टातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे, आणि या अनुभवाला एकच पक्ष जबाबदार नाही. १९६९ मध्ये तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, देशाला अभिमान वाटला. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी उठली. पुनर्वसनाचे भांडण कोर्टात वर्षानुवर्षे चालले. त्यातला बराच काळ राज्यात काँग्रेस आघाडीचे सरकार होते. औद्योगिक वसाहतीने बोईसर वाढवले, माझ्यासारख्या हजारोंचे पोट भरले, आणि नवापूरच्या समुद्राचा, मुरब्याच्या खाडीचा रंग बदलला. मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली, तेव्हा कुठे २०२२ च्या जानेवारीत कारखान्यांवर आणि सांडपाणी केंद्रावर मोठी भरपाई लादणारा निकाल आला. सूर्या धरणाचे पाणी आधी शेतीसाठी म्हणून सांगितले. आता वसई-विरारला रोज १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८ दशलक्ष लिटर देण्याची योजना आहे. तिकडची माणसेही तहानलेलीच आहेत, त्यांचा राग नाही. पण धरणाशेजारच्या पाड्यात मे महिन्यात बाई हंडा घेऊन चालतेच आहे. १९९२ मधले वावर-वांगणीचे बालमृत्यू काँग्रेसच्या राज्यात झाले, २०१६ मध्ये मोखाड्यातली कुपोषणाची बातमी भाजपचे आदिवासी विकासमंत्री याच जिल्ह्याचे पालकमंत्री असताना आली. कुणी कुणाकडे बोट दाखवायचे?

म्हणून माझा आक्षेप विकासाला नाही आणि परंपरेच्या राजकारणालाही नाही. आक्षेप आहे तो निर्णयाच्या पद्धतीला. लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला आणि १९ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदर मंजूर केले. मत देताना माणूस पंतप्रधान कोण, खात्यावर पैसे येतील का, गल्लीतला रस्ता होईल का, असा दहा गोष्टींचा एकत्र विचार करतो. त्या मताला प्रत्येक प्रकल्पाची मंजुरी समजणे चूक आहे. अनुसूचित क्षेत्रासाठी पेसा कायदा १९९६ पासून आहे, राज्याचे नियम २०१४ पासून आहेत. ग्रामसभेला विचारायचे ते यासाठीच. पण ग्रामसभांचे विरोधाचे ठराव वर पाठवले जातात आणि वर त्यांचे काय होते ते खाली कळत नाही. बोईसरची गोष्टही त्याच जातीची: एवढी मोठी वसाहत, कारखाने, चौकाचौकांत कोंडी, आणि कारभार ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या बळावर. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, मुख्यालयाच्या इमारती उभारण्याच्या बदल्यात सुमारे ४४० हेक्टर जमीन सिडकोला दिली गेली, देखणी कार्यालये २०२१ मध्ये उघडली. पण गंभीर रुग्णाला आजही सिल्वासा, वलसाड नाहीतर मुंबई. २०२५ च्या जुलैअखेरीस झाडाची फांदी पडून जखमी झालेली जिल्ह्यातली एक बाई मुंबईच्या वाटेवर महामार्गाच्या कोंडीत रुग्णवाहिकेतच गेली. त्यानंतर महिनाभरात तारापूरच्या एका औषध कारखान्यात वायुगळतीने चार कामगार दगावले, आणि लगेच सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. उद्योगांना सवलत हवी हे मान्य; पण थकलेल्या डोळ्यांनी रिॲक्टरचा व्हॉल्व्ह बघणाऱ्या ठेकेदारी कामगाराला कुणी विचारले होते का?

बाजू तोलताना मी इथवर येतो: महायुतीला मिळालेले मत खरे आहे, ते मान्य केलेच पाहिजे, आणि बंदर आता रद्द होईल अशी आशा दाखवणे हीदेखील फसवणूक ठरेल. पण म्हणून किनाऱ्याने गप्प बसावे असे नाही. मुरबे येथे दुसऱ्या बंदराचा प्रस्ताव पुढे सरकतो आहे, तिथे अजून वेळ आहे. सातपाटी-मुरब्याच्या ग्रामसभा आधी घ्याव्यात, यापुढच्या प्रत्येक सुनावणीचे कागद सोप्या मराठीत महिनाभर आधी गावात पोहोचवावेत, आणि ठराव विरोधात गेला तर सरकारने लेखी कारणे द्यावीत. वाढवणसाठी कोणत्या गावातल्या किती होड्यांची जागा जाते, भरपाई खलाशाला मिळणार की फक्त बोटमालकाला, मासळी विकणाऱ्या बाईचे नाव यादीत आहे का, डायमेकिंगचे काय, हे गावनिहाय जाहीर करावे. नोकऱ्यांचा वाटा जिल्ह्यातल्या मुलांना किती आणि कोणत्या पदांवर, तेही आत्ताच लिहून द्यावे. हे मागणाऱ्यांत ज्यांनी कमळाला आणि धनुष्यबाणाला मत दिले तेच पुढे असायला हवेत. सत्तेतल्या आमदाराच्या दारात जाऊन बसण्याचा हक्क त्यांनाच सर्वात आधी आहे.