साबळेच्या वेगामागे सियाचीन?

आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या मोसमाची सुरुवात अनपेक्षित जोमाने केली. मार्चमध्ये तिरुअनंतपुरमला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे १६.२१ सेकंदांत, जूनमध्ये रबातला ८ मिनिटे १२.४८ सेकंदांत. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला रौप्यपदक. केनियाचा किबिवोट केवळ ०.०५ सेकंदाने पुढे.

याचे श्रेय अनेकजण त्याच्या सियाचीनमधील लष्करी सेवेला देतात. शरीरशास्त्राला हे पटत नाही. विरळ हवेत मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त स्रवते आणि तांबड्या पेशी वाढतात. पण खाली उतरल्यावर ही वाढ काही आठवड्यांत ओसरते. सियाचीनची सेवा २०१३-१४ ची. तिथे मन कणखर झाले असेल, रक्त नव्हे. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेची पायपीट, लष्करातला वर्षानुवर्षांचा सराव आणि त्या उन्हाळ्यात सुमारे १८०० मीटर उंचीवरच्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमधला मुक्काम, ही कारणे जास्त सयुक्तिक.

मात्र तांबड्या पेशींना लोह लागते. ते नसेल तर उंचीवरचा सरावही वाया. राज्यात निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. त्यामुळे आष्टीत धावू पाहणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन आधी तपासायला हवे. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी मळमळीच्या भीतीने टाळली जाते. ती जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. चहा मात्र तासभर लांब ठेवावा.