ग्राइंडर खाली ठेवा!

सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला जुना कोड निस्तरायचा आणि शनिवार-रविवार दुसऱ्यांनी फासून ठेवलेला जुना रंग, असं सध्या माझं चाललंय. लष्करातून निवृत्त झालेली एक जोंगा घेतली आहे. जबलपूरच्या कारखान्यात, निसानच्या गाडीवर बेतून बनायची ती. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, त्यामुळे आम्हा नाशिककरांना तिचं अप्रूप लहानपणापासूनचं.

आता हिचा रंग काढावा लागणार, हे घेतानाच माहीत होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आणि नुसता वरून दुसरा रंग मारावा म्हटलं, तर पायाखालच्या पत्र्यावर नि मागच्या पायरीवर बूट घसरू नये म्हणून वाळू कालवलेला खडबडीत रंग. त्यावर वर्षानुवर्षं ब्रशने मारलेले थर. नखाने टोकरलं तर पोपडा निघतो आणि खाली आणखी एक हिरवा!

तर काढायचा का, हा प्रश्नच नाही. कसा काढायचा, हा आहे. आणि इथेच माझं तमाम जीपवेड्या मंडळींशी भांडण आहे.

झालं असं की पहिल्याच शनिवारी गॅरेजात मिस्त्री म्हणाले, "सर, टेन्शन नका घेऊ. पोरगा तारेचा ब्रश लावून ग्राइंडर मारेल, संध्याकाळपर्यंत पत्रा चकाचक." मी मान डोलावली आणि समोरच्या टपरीवर चहाला गेलो. परत आलो तर शटर अर्धं ओढलेलं, आत हिरवट धुकं, आणि त्या धुक्यात तोंडाला रुमाल बांधलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. मला बघून हसला. पापण्यासुद्धा हिरव्या झाल्या होत्या. "शेठ, अर्धं झालं!"

चहा मी पीत होतो, धूळ तो खात होता. ही लाज आधी माझी, मग इतरांची.

त्या धुळीत काय असतं, ते ऐका. जुन्या हिरव्या रंगात पिवळ्या छटेसाठी शिशाचं क्रोमेट वापरलं जायचं. गंज येऊ नये म्हणून द्यायच्या खालच्या हातातही शिसं असायचं. आपला शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, आणि तोच लोखंडावर लावायचे. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा आपला २०१६ चा नियमसुद्धा फक्त घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू आहे. तुमच्या गाडीत शिसं असेलच असं नाही, पण तपासल्याशिवाय 'नसेल' असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

त्यात ही वाळू. ग्राइंडरखाली तिचं जे पीठ होतं, ते डोळ्यांना दिसत नाही आणि रुमालाला अडत नाही. फुप्फुसात बसलं की सिलिकोसिस, आणि त्याला बरं करणारं औषध नाही. ब्रिटनने ढलाईचं काम वाळूच्या फवाऱ्याने साफ करायला १९४९ सालीच बंदी घातली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिस हे दोन्ही कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होते. म्हणजे हे ज्ञान नवीन नाही, फक्त गल्लीतल्या गॅरेजपर्यंत आलेलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "आम्ही वीस वर्षं असंच करतोय, कुणाला काही झालं नाही." अहो, सिलिकोसिस दिसायलाच बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं लागतात! तोवर तो पोरगा तुमच्या गॅरेजात तरी असतो का? बग रिपोर्ट आला नाही म्हणजे बग नाही, असं आमच्याकडे एखादा फ्रेशरसुद्धा म्हणणार नाही.

दुसरं उत्तर, "वेळ कुणाला आहे?" २०२२ साली आपल्याच जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदूर काढला. कित्येक पिढ्यांचे थर, हजार किलोच्या वर भरले. दीड महिना दर्शन बंद ठेवून, जाणकारांच्या सल्ल्याने काम झालं. लाखो भाविक थांबले, आणि आपल्याला एका जोंगासाठी चार रविवार थांबवत नाही?

आता आम्ही काय करतो ते सांगतो. गाडी उघड्यावर आणली. जेलसारखा पेंट रिमूव्हर जाड थरात लावायचा, वर प्लास्टिकचा कागद, अर्ध्या-पाऊण तासाने ओलं असतानाच खरवडायचं. वाळूचा थर एका दमात सुटत नाही, दोन-तीनदा तेच करावं लागतं. बाटलीवर मेथिलिन क्लोराइड लिहिलंय का ते मात्र वाचा. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं मेली आहेत आणि अमेरिकेत ग्राहकांना असा रिमूव्हर विकायला २०१९ पासून बंदी आहे. उरलंसुरलं पाणी मारत ओल्या पॉलिश पेपरने. हातमोजे, चष्मा आणि रुमालाऐवजी कार्ट्रिजवाला मास्क. खरवड गोणीत बांधून ठेवतो, नासर्डीत नाही.

ब्लास्टिंगच हवं असेल तर बंद चेंबर असलेल्याकडे द्या, पण नदीची वाळू नको. पातळ पत्रा जोरात मारलं की वाकतो, तेही लक्षात ठेवा.

मिस्त्री आधी कुरकुरले, "सर, यात माझे दिवस जातात." बरोबरच होतं त्यांचं, म्हणून दिवसाचे पैसे वाढवून दिले. टायरवर हजारो रुपये उडवणाऱ्यांनी इथे हात आखडता घेऊ नये. गाडीचा षौक आपला आहे, त्याची किंमत त्या पोराच्या फुप्फुसांनी का मोजावी?

असो. आज तिसरा रविवार. मागच्या पायरीचा पत्रा उघडा झालाय, पुढचा अजून हिरवाच आहे. होईल सावकाश.